बेलवतीचा मान

बेलवती धरण त्या वर्षी एकोणतीस जुलैलाच काठोकाठ भरलं आणि डॉ. पद्मजा माणगावे यांनी ते तसंच भरलेलं ठेवलं. हे धाडस आधी कुणी केलं नव्हतं. जुने अभियंते ऑगस्ट सरेपर्यंत धरणाचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचे, मोठा पूर आलाच तर त्याला पोटात जागा हवी म्हणून. अशा अभियंत्यांना पद्मजा मनातल्या मनात 'घाबरट मंडळी' म्हणायची. मनातल्या मनात हे आपलं बोलण्यापुरतं. एकदा परिषदेत माईकसमोरही ती हे म्हणाली होती आणि टाळ्या पडल्या होत्या.

टाळ्यांचं एक असतं. पहिल्यांदा त्या ऐकून माणूस लाजतो, पाचव्यांदा सुखावतो आणि पन्नासाव्यांदा त्या पडल्या नाहीत तर लोकांचंच काहीतरी बिघडलंय असं त्याला वाटायला लागतं. २०४१ साली पद्मजा त्या पन्नासाव्या टाळ्यांच्याही पुढे गेली होती. वय बेचाळीस, पाटबंधारे खात्याची मुख्य सल्लागार, आणि 'प्रतिनदी'ची जन्मदात्री.

प्रतिनदी म्हणजे बेलवतीचीच दुसरी प्रत, पण संगणकातली. धरणाच्या वर, डोंगरापर्यंत पसरलेल्या खोऱ्यात सहा हजार सेन्सर जमिनीत पुरलेले होते. माती किती भिजली, कुठल्या उतारावरून पाणी किती वेगानं उतरतंय, हे ते दर पाच मिनिटांनी कळवायचे. माथ्यावरची रडारं ढग मोजायची. खोऱ्याच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी प्रतिनदीनं शाळकरी पोरासारख्या घोकल्या होत्या. त्या सगळ्याच्या जोरावर पुढच्या बहात्तर तासांत धरणात किती पाणी येणार, खात्याच्या भाषेत 'येवा' किती, हे ती सांगायची. सात वर्षांत तिचा अंदाज दहा टक्क्यांहून जास्त एकदाही चुकला नव्हता. आणि येवा आधीच कळत असेल तर पोट रिकामं ठेवायचं कशाला? पुराच्या दोन दिवस आधी थोडं थोडं पाणी सोडायचं, की काम झालं.

हिशेब चोख होता. धरणाखाली नऊ किलोमीटरवर असलेल्या रुईघाट शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. उन्हाळ्यात टँकर दिसेनासे झाले. पद्मजाच्या नावानं चौक झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला ती स्वतः हजर होती. हयात माणसानं आपल्याच चौकाची फीत कापू नये असा काही नियम नाही, पण आपल्याकडे लोक सहसा कापत नाहीत.

तिला सगळ्यात जास्त अभिमान मात्र दुसऱ्याच गोष्टीचा होता. वरच्या खोऱ्यात एकशे बारा तलाव होते. कुठला शंभर वर्षांपूर्वीचा, कुठला दुष्काळी कामातला. या तलावांबाबत खोऱ्यात एक रीत होती. गौरी विसर्जन होईपर्यंत कुठलाच तलाव पुरता भरू द्यायचा नाही. काठाच्या खाली दोन हात जागा मोकळी सोडायची. पाणी त्याच्या वर चढायला लागलं की गावचा पाटकरी, म्हणजे तलावाच्या मोरीची किल्ली ज्याच्याकडे असते तो, मोरी उघडून पाणी जाऊ द्यायचा. याला 'बेलवतीचा मान' म्हणत. लग्नात मामाचा मान असतो, तसा हा नदीचा. का, ते कुणाला सांगता यायचं नाही. मान म्हणजे मान.

पद्मजानं त्या मानाचं मोजमाप काढलं. एकशे बारा तलाव, प्रत्येकाचे दोन हात. अख्ख्या रुईघाटला वर्षभर पुरेल एवढं पिण्याचं पाणी दर साली नदीच्या रुसव्याफुगव्यावर ओवाळून टाकलं जात होतं. ती गावोगाव फिरली. चावडीत, देवळात, शाळेच्या पडवीत तिनं पडदे लावून लोकांना आकडे दाखवले. किती भरायचं आणि मोरी कधी बंद करायची, हे प्रतिनदी थेट पाटकऱ्याच्या मोबाइलवर सांगेल असा बंदोबस्त केला. लोक आधी कुरकुरले. मग एका गावानं मान सोडला, त्या गावाचा ऊस मे महिन्यातही हिरवागार राहिला, आणि ऊस हिरवा दिसल्यावर रीत किती दिवस टिकणार? तीन वर्षांत एकशे बाराच्या एकशे बारा मोऱ्या बंद झाल्या.

तिचे वडील नेमगोंडा माणगावे चौतीस वर्षं याच धरणाचे दरवाजे चालवून निवृत्त झाले होते. लेकीची प्रत्येक बातमी त्यांनी कापून वहीत चिकटवली होती. मानाची बातमी चिकटवली नाही. एकदाच म्हणाले, "पद्मा, मान काढून घेतीस तर घे बाई. पण कशापायी ठेवला हुता, एवढं तरी इचार की कुणाला."

"कुणालाच माहीत नाही, आप्पा. म्हणून तर काढला," ती म्हणाली.

तेव्हापासून बापलेकीत पाण्याचा विषय बंद झाला. ज्या घरात दोन पिढ्या पाण्यावरच पोट चाललं, तिथं जेवताना उसाचे आणि हवेचे विषय निघायला लागले.

तिचा धाकटा भाऊ श्रेणिक मात्र तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा. तो रुईघाटच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ नाटकात घालवायचा. राज्य नाट्यस्पर्धेला दर वर्षी याचं नाटक ठरलेलं, आणि दर वर्षी बक्षीस नेपथ्याला. बायको उज्ज्वला सरकारी दवाखान्यात नर्स होती. घर तिच्या धीरावर चाललं होतं. या श्रेणिकनं दोन वर्षांपूर्वी घाटगल्लीत जागा घेऊन खाली तालमीचा हॉल आणि वर घर बांधलं.

घाटगल्ली नदीच्या अगदी अंगाला. एका बाजूला बेलवती, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि बाहेर पडायला ओढ्यावरचा एकच पूल. नदी चढली की ओढ्याचं पाणी उलटं फिरून पुलावर येतं. म्हणून तिथं निळी पूररेषा होती. त्या रेषेच्या आत घर बांधायला बंदी. पण प्रतिनदी आली, पूर आधीच कळायला लागला, आणि रेषा नदीकडे दोनशे मीटर सरकवायचा अहवाल खात्याकडे गेला. त्यावर सही पद्मजाची होती. बघता बघता गल्लीत सव्वाशे घरं झाली. कुणी कचरत असेल तर दलाल श्रेणिकच्या घराकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, मॅडमचा सख्खा भाऊ राहतो की इथं.

त्या वर्षी श्रेणिकनं नाटकाला विषय घेतला होता ग्रीक पुराणातला. जुलैअखेरीस तालीम बघायला त्यानं बहिणीला बोलावलं. सॅल्मोनियस नावाचा एक राजा. त्यानं गावाला एवढं वैभव दिलं की लोक त्याला देव म्हणू लागले. लोक म्हणतात तर आपण असूच, असं त्यालाही वाटलं. मग तो रथाला पितळेची पातेली बांधून गावभर दौडायचा आणि तो खणखणाट हा माझा मेघगर्जनेचा आवाज आहे म्हणायचा. पेटत्या मशाली भिरकावून त्यांना विजा म्हणायचा. देवांचा राजा झ्यूस, ज्याच्या हातात खऱ्या विजा होत्या, तो काही दिवस वरून बघत राहिला. मग त्यानं एकच वीज टाकली.

तालमीत पितळेची पातेली परवडत नव्हती, म्हणून तेलाचे रिकामे डबे बांधले होते. त्यांचा असा काही गोंगाट व्हायचा की वरच्या मजल्यावर उज्ज्वलाला फोनवर बोलता येत नसे. ग्रीक लोक याला ह्यूब्रिस म्हणायचे, श्रेणिकनं समजावून सांगितलं. माणूस आपली पायरी विसरला की त्याला ते होतं, आणि ज्याला होतं त्याला कधीच कळत नाही.

पद्मजानं भुवई उंचावून विचारलं, हे माझ्यावर लिहिलंयस का? श्रेणिक खळखळून हसला. जगात सगळंच तुझ्यावर नसतं, म्हणाला. मग जरा वेळानं, डबे सोडवता सोडवता, त्याच्या मनात कित्येक दिवस अडकलेलं त्यानं बोलून दाखवलं.

"राजाचं मला समजतं, अक्का. त्यानं स्वतःहून ओढवून घेतलं. पण मूळ गोष्टीत झ्यूस राजाबरोबर अख्खं गाव जाळतो. गावानं काय केलं होतं?"

"टाळ्या वाजवल्या असतील," पद्मजा म्हणाली.

श्रेणिकनं ते वाक्य लगेच वहीत टिपून घेतलं. पद्मजाला बरं वाटलं. आपण सहज बोललेलंही लोक लिहून घेतात, याची तिला आता सवय झाली होती.

एकवीस ऑगस्टला, गौरींना अजून बारा दिवस होते, सकाळपासून खोऱ्यात जोराचा पाऊस लागला. पद्मजा धरणावरच्या कंट्रोल रूममध्ये होती. प्रतिनदी सांगत होती की येवा संध्याकाळी अठ्ठावन्न हजार क्युसेकवर जाईल, म्हणजे सेकंदाला अठ्ठावन्न हजार घनफूट पाणी, आणि रात्रीतून उतरेल. सत्तर हजारांपर्यंत नदी काठ सोडत नाही. काळजी करण्यासारखं काही नव्हतं. अकरापैकी चार दरवाजे थोडे उघडे होते आणि येईल तेवढं पाणी शिस्तीत बाहेर पडत होतं.

पावणेएकला पडद्यावर एक आकडा करडा झाला. चिंचखिंडीत, धरणाच्या बरंच वर, नदीची पातळी मोजणारं एक यंत्र होतं. ते एक लाख दहा हजार दाखवत होतं. प्रतिनदीच्या मते तिथं बावन्न हजार असायला हवे होते. जे मोजमाप अंदाजापासून एक तृतीयांशाहून जास्त फटकेल ते सदोष समजावं आणि बाजूला ठेवावं, असा नियम होता. सुरुवातीच्या काळात सेन्सरांत माती जाऊन खोटे आकडे येत, तेव्हा तो नियम पद्मजानंच घातला होता. सात वर्षांत तो नेहमी खरा ठरला होता. आपला अंदाज आणि जगाचं मोजमाप यांत तफावत पडली तर चूक जगाची, असा त्याचा सरळ अर्थ होतो हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही.

सव्वाला आप्पा आले. निवृत्तीनंतर कंट्रोल रूममध्ये त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. भिजलेली टोपी हातात, श्वास लागलेला. वरच्या खोऱ्यातल्या वारंगवाडीच्या पाटकऱ्याचा त्यांना फोन आला होता. तलावाचं पाणी सांडव्यावरून नाही, थेट भिंतीवरून चाललं होतं. खालचे दोन तलावही तसेच, काठोकाठ. पाऊस यापेक्षा मोठा पूर्वी झालाय, पण पाटकऱ्यानं असं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं.

"भोंगा वाजीव आणि समदी दारं उचल," आप्पा म्हणाले. "घाटगल्लीत पाणी जाईल, गुडघाभर जाईल. जाऊ दे. माणसं तर निघतील."

पद्मजानं त्यांना खुर्ची दिली, गरम चहा मागवला. मनात मात्र ती वेगळाच हिशेब करत होती. सगळे दरवाजे थोडे जरी उचलले तरी लाखभर क्युसेक सुटणार. घाटगल्ली पाण्यात जाणार. आणि जिथं ते पाणी थांबेल, तिथं बरोब्बर जुनी निळी रेषा असणार. उद्या प्रत्येक वाहिनीवर तेच चित्र दिसणार. तेही कशासाठी, तर एका करड्या आकड्यासाठी आणि एका म्हाताऱ्या पाटकऱ्याच्या फोनसाठी. तासाभरात खरं काय ते कळेल, असं तिनं ठरवलं आणि आप्पांनाही तसंच सांगितलं.

एक चाळीसला श्रेणिकचा फोन आला. पद्मजाचे हात पडद्यावर गुंतलेले होते म्हणून तिनं तो स्पीकरवर घेतला. मागे डब्यांचा खणखणाट चालू होता. आज सुट्टी असल्यामुळे सगळी मंडळी तालमीला जमली होती. आप्पांनी त्यालाही फोन केला होता.

"अक्का, गल्लीतली माणसं दारात येऊन उभी आहेत," तो म्हणाला. "सगळी माझ्याकडे बघतायत. मी सामान उचललं तर सव्वाशे घरं उचलतील. मी थांबलो तर थांबतील. तू सांग, निघू का?"

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. पद्मजाची नजर पडद्यावर होती. अठ्ठावन्न हजार. सात वर्षांत एकदाही न चुकलेला आकडा. माझा सख्खा भाऊ सामान घेऊन निघाला, हे लोकांनी पाहिलं की संपलं, एवढंच तिच्या मनात आलं. त्या क्षणी त्या मनात भाऊ नव्हता, हे तिनं पुढे स्वतःपाशी कबूल केलं.

"थांब," ती म्हणाली. "तालीम चालू ठेव."

"बरं," श्रेणिक म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. त्याला निघायचं नव्हतंच. बहिणीचं हसं होऊ नये असंच त्यालाही वाटत होतं.

तीन वीसला वारंगवाडीचा तलाव फुटला. त्याच्या पाण्यानं खालचा फोडला, त्यानं त्याच्या खालचा. वीस मिनिटांत एकतीस तलाव गेले. चिंचखिंडीतलं यंत्र खोटं बोलत नव्हतं. आता ते वाहूनच गेलं. धरणात अडीच लाखांचा येवा घुसला आणि काठोकाठ भरलेल्या धरणाला तो पोटात घ्यायला तसूभर जागा नव्हती. धरण फुटू द्यायचं नसेल तर अकराही दरवाजे पूर्ण उचलण्यावाचून इलाज नव्हता. ते उचलले. भोंगा तीन बेचाळीसला वाजला. तो ऐकून माणसं आवरून निघेपर्यंत घाटगल्लीच्या पुलावर कमरेएवढं पाणी होतं.

चव्वेचाळीस माणसं गेली. श्रेणिक तिसऱ्या दिवशी सापडला. त्यानं तालमीतल्या मंडळींना हॉलच्या गच्चीवर चढवलं होतं आणि शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या बाईंना आणायला तो परत खाली उतरला होता, असं गच्चीवर वाचलेल्यांनी सांगितलं. उज्ज्वला त्या दिवशी दवाखान्यात कामावर होती. आणलेली प्रेतं ओळखायच्या रांगेत तीच उभी होती, अंगावर तोच नर्सचा पोशाख.

पद्मजा रडली. खूप रडली, आणि रडून झाल्यावर खात्याच्या वकिलानं आणलेल्या कागदावर तिनं सही केली. त्यात लिहिलं होतं की, 'दुपारी एक चाळीस वाजता घाटगल्लीतील रहिवासी श्रेणिक माणगावे यांना दूरध्वनीवरून परिस्थितीची कल्पना देण्यात आली होती.' एक शब्दही खोटा नव्हता. कल्पना दिली होतीच. पण ते वाचून कुणालाही वाटावं की शहाण्या बहिणीनं सावध केलं आणि नाटकवेड्या भावानं ऐकलं नाही. गावात तसं बोललंही जाऊ लागलं. उज्ज्वलाच्या कानावर ते गेलं, आणि तिनं नवऱ्याच्या फोटोला हार घालायचं बंद केलं. हे आप्पांनी पद्मजाला सांगितलं.

पुढचे सहा आठवडे पद्मजा घरात बसून पंचवीस वर्षांच्या नोंदी उलगडत राहिली. चूक कुठं आहे ते तिला शोधायचं होतं. प्रतिनदीत चूक नव्हती. खरं तर तेच भयंकर होतं.

खोऱ्यात मोठा पाऊस पडला की धरणात पाणी यायला चार-पाच तास उशीर लागतो, असं प्रतिनदी पंचवीस वर्षांच्या नोंदींतून शिकली होती. तिनं तो मातीचा गुण मानला. पद्मजानंही मानला. पण उशीर मातीमुळे होत नव्हता. एकशे बारा तलावांतले दोन-दोन हात आधी भरायचे, मग पाणी खाली यायचं. पुराचा पहिला तडाखा दर साली तो मान झेलत होता. लोकांनी मान सोडला त्या दिवशी खोरं बदललं. नंतरच्या तीन वर्षांत एवढा मोठा पाऊस झालाच नाही, म्हणून तो बदल कुणाला दिसला नाही. प्रतिनदी जगली-वाढली ती घाबरून वागणाऱ्या माणसांच्या जगात, आणि पद्मजानं तिच्याच जोरावर त्या माणसांची भीती काढून टाकली. ज्या फांदीवर बसलो ती आपणच तोडत होतो, आणि किती सफाईनं तोडतोय म्हणून सत्कारही घेत होतो.

ऑक्टोबरात जिल्ह्याच्या शासकीय विश्रामगृहात चौकशी समिती बसली. अध्यक्ष एक निवृत्त सचिव होते, बोलायला मृदू. दुसऱ्या रांगेत उज्ज्वला बसली होती. आप्पांना साक्षीला बोलावलं होतं, कारण त्या दुपारी ते कंट्रोल रूममध्ये होते.

अध्यक्षांनी विचारलं, "एक चाळीसला फोनवर काय बोलणं झालं, ते तुम्ही ऐकलंत?"

आप्पांनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि मग खाली, टेबलावरच्या आपल्या हातांकडे.

"मला कमी ऐकू येतं, साहेब," ते म्हणाले.

सात वर्षं एका घरात राहिलेल्या उज्ज्वलाला ठाऊक होतं की या माणसाला मागच्या परसात भांड्याला भांडं लागलेलं ऐकू येतं. पद्मजालाही ठाऊक होतं. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात जो कधी खोटं बोलला नाही, तो बाप एक लेकरू गेलं म्हणून दुसरं वाचवायला भरसभेत बहिरा झाला होता. इतके दिवस तिला भावाचं दुःख होतं. लाज पहिल्यांदा वाटली ती आत्ता.

ती उभी राहिली.

"त्यानं मला विचारलं होतं, निघू का म्हणून," ती म्हणाली. "तो निघाला असता तर अख्खी गल्ली निघाली असती, हेही त्यानं सांगितलं होतं. मी थांब म्हणाले. माझ्या यंत्राची नाचक्की होऊ नये म्हणून म्हणाले. माझ्या आधीच्या जबाबात हे नाही."

बोललेलं आपोआप उमटवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्यावर तिची वाक्यं एकाखाली एक आली. उज्ज्वलानं ती ऐकली होती, तरी ती तिनं पडद्यावर पुन्हा वाचली. मग मान खाली घातली.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. भावाच्या दुःखानं मन स्वतःला दोष देतं, हे आम्ही समजू शकतो, असं ते अगदी मनापासून म्हणाले. पण यंत्र सदोष होतं की नाही, एवढंच तपासायला समितीला सांगितलं होतं. बहीण-भावाचं फोनवरचं बोलणं हा घरगुती मामला झाला. त्यांनी बोट फिरवलं आणि पडद्यावरची वाक्यं पुसली गेली.

मग पद्मजानं यंत्राचंच सांगितलं. तलाव, मान, चार तासांचा उशीर, सगळं. समितीनं शांतपणे ऐकून घेतलं. एका सदस्यानं कौतुकानं मानही डोलावली. हे निष्कर्ष फार मोलाचे आहेत, अध्यक्ष म्हणाले, कारण प्रतिनदी पुढच्या पावसाळ्याआधी आणखी अकरा नद्यांवर बसवायची ठरली आहे. करार झालेले आहेत. यंत्राला ते डॉक्टर माणगावे यांचंच नाव देणार होते.

"त्या अकरा खोऱ्यांत लोक कशाकशाचा मान ठेवतात, हे कुणी विचारलंय का?" पद्मजानं विचारलं.

"ते यंत्र आपोआप शिकेल, मॅडम."

"शिकेल," पद्मजा म्हणाली. "दर नदीला एका पुरानंतर."

हे वाक्यही पडद्यावर उमटलं. ते कुणी पुसलं नाही, कारण जेवणाची सुट्टी झाली होती आणि मंडळी उठली होती.

बाहेर पायऱ्यांवर उज्ज्वला थांबली होती. तिनं पद्मजाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर पद्मजाला सोसला असता.

"वन्सं, दोन महिने मी त्यांना शिव्या दिल्या," ती म्हणाली. "मरताना माझा विचार केला नाही म्हणून. रोज देत होते."

उज्ज्वला उत्तरासाठी थांबली नाही. तिनं आप्पांच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली, त्यांचा हात धरला आणि दोघं बसस्टँडच्या दिशेनं निघाली. पद्मजा थोडं अंतर ठेवून मागून चालू लागली. चल असं तिला कुणी म्हणालं नाही, आणि येऊ नको असंही कुणी म्हणालं नाही.